परदेशातल्या डॉक्टरला इंग्रजीत आजार सांगताय? या चुका टाळा

पुण्या-नाशिकच्या फॅमिली डॉक्टरला ‘कालपासून लूज मोशन्स आहेत, थोडा गॅस झालाय, वीकनेसही आहे’ एवढं सांगितलं की काम होतं. महत्त्वाचे सगळे शब्द इंग्रजीच, म्हणून हेच वाक्य बॉस्टनला किंवा बर्मिंगहॅमलाही चालेल असं आपण धरून चालतो. तिथला डॉक्टर मात्र ‘लूज मोशन्स’ ऐकून गोंधळतो, ‘गॅस’ म्हणजे ढेकर किंवा वारा सरणं समजतो आणि ‘वीकनेस’ म्हटल्यावर हातापायांतली ताकद तपासायला घेतो. नातवंडाच्या जन्मासाठी सहा महिने गेलेले आईबाबा असोत की नुकताच शिकायला गेलेला मुलगा, इंग्रजी येत नाही ही अडचण नसतेच. आपण दवाखान्यात जे इंग्रजी बोलतो ती इथली बोली आहे, आणि ती इथंच कळते.

व्याकरणाचा धसका मात्र घेऊ नका. ‘आय ॲम सफरिंग फ्रॉम फीवर सिन्स थ्री डेज’ चूक, ‘आय हॅव हॅड अ फीवर फॉर थ्री डेज’ बरोबर. पण पहिल्या वाक्यानेही कुणाचे उपचार चुकत नाहीत. खाली घेतल्या आहेत त्या अर्थच फिरवणाऱ्या चुका.

हात दुखतोय, पण कुठला भाग?

खांद्यापासून नखापर्यंत आपला सगळा हातच. इंग्रजीत मनगटाच्या वरचा तो आर्म आणि मनगटापुढचा हँड. पायाचं तसंच, घोट्याच्या वर लेग, खाली फूट. बोट हाताचं असेल तर फिंगर, पायाचं असेल तर टो. ‘माय हँड इज पेनिंग’ म्हणालात तर समोरचा पंजा चाचपत बसेल आणि दुखत असेल दंड. सरळ ‘माय आर्म हर्ट्‌स’ म्हणावं आणि जागेवर बोट ठेवावं. कंबरदुखीला ‘वेस्ट पेन’ म्हणू नये. वेस्ट हे शिंप्याचं माप झालं. दुखते ती ‘लोअर बॅक’.

या यादीतला एक शब्द तरी पाठ असायला हवा: काफ, म्हणजे पोटरी. लांबच्या विमानप्रवासानंतर एकाच पोटरीला सूज येऊन दुखायला लागलं, तर आतल्या शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची शंका घ्यावी लागते. ती गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं. ‘लेग पेन’ म्हटलं की वयाचं दुखणं समजून वेळ जातो. ‘माय लेफ्ट काफ इज स्वोलन, आय जस्ट टुक अ लाँग फ्लाइट’ म्हटलं की डॉक्टरच्या मनात गुठळीचा विचार आपोआप येतो आणि तो सोनोग्राफीचं बोलू लागतो. तिला तिकडे अल्ट्रासाउंड म्हणतात.

पित्ताचं भाषांतर करू नका

सगळ्यात मोठा घोळ इथे होतो. एकाला पित्त झालंय म्हणजे छातीत जळजळतंय आणि तोंडाला आंबट पाणी सुटतंय. दुसरीला पित्त झालंय म्हणजे जेवायला उशीर झाला की अर्धं डोकं ठणकतं, उजेड नकोसा होतो, उलटी झाल्यावर बरं वाटतं. तिसऱ्याच्या अंगावर पित्त उठलंय, म्हणजे लाल खाजऱ्या गांधी आल्या आहेत आणि घरचे आमसुलाचं पाणी लावतायत. शब्द एकच, दुखणी तीन. शब्दकोशात पित्ताला ‘बाइल’ दिलेलं असतं आणि ते चूकही नाही, पण ‘आय हॅव बाइल’ ऐकलेला डॉक्टर पित्ताशय आणि यकृताच्या मागे लागेल.

पहिल्याने ‘हार्टबर्न’ किंवा ‘ॲसिड रिफ्लक्स’ म्हणावं. हार्टबर्नचा हृदयाशी संबंध नाही, नाव फसवं आहे. तिसऱ्यासाठी ‘हाइव्ह्‌ज’. दुसरीने मात्र आजाराचं नाव घेऊच नये. डोकं कुठल्या बाजूचं दुखतं, किती तास दुखतं, उजेड-आवाज सोसतो का, एवढंच सांगावं. बहुधा डॉक्टरच ‘मायग्रेन’ म्हणेल. वर्षानुवर्षं पित्ताच्या गोळ्या घेणाऱ्या काहींना हा शब्द पहिल्यांदा परदेशातच ऐकायला मिळतो.

उष्णता आणि वात याच जातीचे. ‘बॉडी हीट’ म्हटलं की नर्स थर्मामीटर आणते. तोंड आलं असेल तर ‘माउथ अल्सर्स’, लघवीला जळजळ होत असेल तर ‘इट बर्न्स व्हेन आय पी’, घोळणा फुटला असेल तर ‘नोजब्लीड’. पी हा शब्द दवाखान्यात कुणाला खटकत नाही, आपणच उगाच लाजतो. हे सगळे मराठी शब्द खरं तर दुखणं कशामुळे झालं याचा आपला निष्कर्ष असतात. डॉक्टरला तो नको असतो. त्याला शरीरात काय होतंय ते हवं असतं.

जिथे शब्द चुकणं महागात पडतं

‘छातीत गॅस धरलाय’ हे वाक्य आपल्या घरांत फार सहज येतं. तेच इंग्रजीत ‘आय हॅव गॅस इन माय चेस्ट’ झालं तर तुम्ही स्वतःच निदान करून मोकळे झालात. छातीवर दाब येतोय, तो जबड्याकडे किंवा हाताकडे सरकतोय, दरदरून घाम फुटलाय, यातलं काहीही असेल तर ‘प्रेशर इन माय चेस्ट’, ‘इट स्प्रेड्स टू माय जॉ’, ‘आय ब्रोक आउट इन अ कोल्ड स्वेट’ म्हणा. गॅस की हृदय याचा निवाडा ईसीजी आणि रक्ततपासणीला करू द्या. अमेरिकेत ईसीजीला बऱ्याचदा ईकेजी म्हणतात.

याहून घातक म्हणजे ‘जीव घाबरा होतोय’. त्याचं ‘आय ॲम फीलिंग स्केअर्ड’ केलं की कागदावर भीती, चिंता असं काहीतरी लिहिलं जातं आणि शांत करायचे प्रयत्न सुरू होतात. बायकांमध्ये, म्हाताऱ्या माणसांत आणि मधुमेह्यांमध्ये हृदयविकाराचा झटका छातीत कळ न येताही येऊ शकतो. नुसती धाप, मळमळ, गळून जाणं, एवढंच दिसतं. म्हणून घाबरं होणं उलगडून सांगा. धडधडतंय तर ‘माय हार्ट इज रेसिंग’, दम लागतोय तर ‘आय कान्ट कॅच माय ब्रेथ’. ‘सफोकेशन’ टाळा, घशात काही अडकलंय असं वाटतं त्यांना.

चक्कर आली म्हणजे नेमकं काय झालं? घर गरगर फिरल्यासारखं वाटलं तर ‘द रूम वॉज स्पिनिंग’, इथे बहुधा कानाच्या आतल्या भागापासून तपासणी सुरू होते. उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली तर ‘लाइटहेडेड’, इथे रक्तदाब बघतात. शुद्धच हरपली तर ‘आय पास्ड आउट’, आणि इथे हृदयाचा प्रश्न पुढे येतो. आपल्या डॉक्टरांचा लाडका ‘गिडिनेस’ अमेरिकेत क्वचितच कानावर पडतो आणि यातली कुठली चक्कर हेही त्यातून कळत नाही.

अशक्तपणा वाटत असेल तर ‘टायर्ड’ किंवा ‘नो एनर्जी’ म्हणा. ‘वीकनेस’ राखून ठेवा तो खरोखर हात किंवा पाय उचलला जात नसेल तेव्हासाठी. एका बाजूची ताकद गेली, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं तर ‘पॅरॅलिसिस ॲटॅक’ म्हणत बसू नका, फोनवर पहिला शब्द ‘स्ट्रोक’ हा यायला हवा. पाठोपाठ विचारतील, माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला होता? ती वेळ घड्याळाप्रमाणे सांगा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि ते तास तिथूनच मोजतात. फोनचा नंबर अमेरिकेत ९११, ब्रिटनमध्ये ९९९, ऑस्ट्रेलियात तीन शून्यं.

मुका मार म्हणजे ‘इंटर्नल इंजुरी’ नव्हे

बाबा बाथरूममध्ये घसरले, रक्त आलं नाही, मुका मार लागला. मुलगा फोनवर सांगतो ‘ही हॅज ॲन इंटर्नल इंजुरी’. इंग्रजीत याचा अर्थ पोटात किंवा छातीत एखादा अवयव फुटून आत रक्तस्राव होतोय असा होतो, आणि पलीकडचा माणूस तशाच तयारीला लागतो. मुका मार म्हणजे ‘ब्रूज’. काळंनिळं पडणं मात्र इंग्रजीतही ‘ब्लॅक अँड ब्लू’च आहे, आणि पाय झोपतो तसा त्यांचाही ‘फूट फॉल्स अस्लीप’. मुंग्या आल्या तर ‘पिन्स अँड नीडल्स’ किंवा ‘टिंगलिंग’.

खरचटलं तर ‘स्क्रेप’, ब्रिटनमध्ये ‘ग्रेझ’. टेंगूळ म्हणजे ‘बम्प’. मुरगळण्यात दोन प्रकार आहेत: सांध्याचा अस्थिबंध ताणला तर स्प्रेन, स्नायू ताणला तर स्ट्रेन. पेशंटला हा फरक कळायचं कारण नाही, ‘आय ट्विस्टेड माय अँकल’ पुरतं. उसण भरली तर ‘माय बॅक वेंट इंटू स्पॅझम’. आणि ‘फ्रॅक्चर नाही, नुसती क्रॅक आहे’ हा आपल्याकडचा दिलासा तिथे देऊ नका. हाडाला गेलेला तडा हेही फ्रॅक्चरच.

प्लास्टर शब्दाची गंमत वेगळीच. आपलं प्लास्टर म्हणजे अमेरिकेत ‘कास्ट’. ब्रिटनमध्ये कापलेल्या बोटाला लावायच्या चिकटपट्टीलाही प्लास्टर म्हणतात. तिथे ‘सर्जरी’ला जायचं म्हणजे ऑपरेशन नसतं, जीपीच्या, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरच्या, दवाखान्यात जायचं असतं. ‘आय वॉज सिक’ म्हटलं तर ब्रिटिश माणूस उलटी झाली असं समजेल, अमेरिकन आजारी होता असं.

ठणक, कळ, चमक

दुखण्याच्या बाबतीत मराठी गरीब नाही, उलट श्रीमंत आहे. आपणच इंग्रजीत आलो की सगळं ‘पेन’मध्ये बुडवतो. कॅनडातल्या मॅक्‌गिल विद्यापीठाचे रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ मध्ये वेदना मोजायची प्रश्नावली मांडली. तिच्यात वेदनेची ७८ विशेषणं २० गटांत लावलेली आहेत, कारण वेदनेची जात कळली की कारणाकडे बोट दाखवता येतं. ठणकतंय तर ‘थ्रॉबिंग’, जळजळतंय तर ‘बर्निंग’, कमरेतून पायात चमक जाते ती ‘शूटिंग’, भोसकल्यासारखं दुखतं ते ‘स्टॅबिंग’, मुरडा येतो तो ‘क्रॅम्पिंग’, नुसतं मंद दुखत राहतं ते ‘डल एक’ (dull ache). शून्य ते दहात किती दुखतंय असं विचारल्यावर आपली वडीलधारी माणसं दात-ओठ खात ‘तीन’ म्हणतात. सोबत असाल तर तिथे मध्ये पडा.

आकडे आणि गोळ्या

‘आय हॅव बीपी’ सगळ्यांनाच लागू आहे. ‘हाय ब्लड प्रेशर’ म्हणा. ‘शुगर’च्या जागी ‘डायबिटीस’. ब्रिटनमध्ये ताप सेल्सिअसमध्ये मोजतात, आपला १०१ तिथे ३८.३ होतो. साखरेचं एककही तिथे निराळं, आपल्या आकड्याला १८ ने भागायचं. म्हणजे १८० ची साखर तिथे १०. तीन महिन्यांच्या सरासरीची जी एचबीए१सी चाचणी असते तिचे आपले ६.५ टक्के तिथे ४८ होतात. जुने रिपोर्ट दाखवताना हा आकडा बघून घाबरायला होतं.

औषधांत खरी भीती क्रोसिन आणि डोलोची. त्यातलं पॅरासिटामॉल अमेरिकेत ॲसिटॅमिनोफेन या नावाने मिळतं, टायलेनॉल म्हणजे तेच. बॅगेतली डोलो ६५० आणि मुलाने आणून दिलेलं टायलेनॉल दोन्ही घेतलं तर एकच औषध दुप्पट जातं. सर्दीच्या कित्येक मिश्र औषधांतही ते असतंच. मोठ्या माणसाला दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम. त्यापुढे यकृताला धोका. दम्याचं साल्ब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल. ब्रँडची नावं उपयोगाची नाहीत, भारतातून निघतानाच डॉक्टरकडून घटक-औषधांची यादी लिहून घ्या.

एखाद्या गोळीने पोट बिघडलं होतं म्हणून ‘आय ॲम ॲलर्जिक’ म्हणू नका. तो साइड इफेक्ट. ॲलर्जी एकदा नोंदली गेली की पुढे गरजेच्या वेळीही ते औषध द्यायला डॉक्टर कचरतात. मुलांच्या शाळेचा फॉर्म भरताना कांजिण्या म्हणजे ‘चिकनपॉक्स’. ‘स्मॉलपॉक्स’ म्हणजे देवी, आणि त्या जगातून गेल्याचं १९८० मध्येच जाहीर झालंय.

दुभाष्या मागा

सरकारी पैसा घेणाऱ्या अमेरिकेतल्या रुग्णालयांना दुभाष्या फुकट द्यावाच लागतो, ब्रिटनच्या एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेतही, त्याचे पैसे घेत नाहीत. तो बहुतेक वेळा फोनवर असतो. घरातल्या शाळकरी नातवाला मध्ये घालू नका. त्याला दोन्ही भाषा येतात, पण आजीची लघवी आणि मूळव्याध त्याच्या तोंडून नीट बाहेर येत नाही. दुभाष्या मागताना ‘इंडियन’ म्हणू नका, हिंदीवाला जोडून देतील. ‘मराठी’ म्हणा. आणि त्यालाही पित्त झालंय असं सांगू नका, नाहीतर तोच ‘बाइल’ म्हणून मोकळा होईल.