सभा संपण्याआधीच इतिवृत्त पुरं करा

शाळा व्यवस्थापन समितीची सभा होते, चहा होतो, आणि इतिवृत्त मात्र चार दिवसांनी लिहिलं जातं. मग सह्यांसाठी वही घेऊन घरोघरी फिरायचं. मुख्याध्यापकांनी एवढं करून पाहा:

१. आदल्या दिवशीच वहीत विषय लिहून ठेवा, प्रत्येकाखाली पाच ओळी कोऱ्या. चारच विषय घ्या, पाचवा पुढच्या महिन्याला.

२. निर्णय झाला की तिथल्या तिथे लिहा: काय, कोण, कधीपर्यंत. ‘टाकीची गळकी तोटी बदलणे, उपाध्यक्ष, १२ तारखेपर्यंत.’ ‘योग्य ती कार्यवाही करावी’ हे वाक्य टाळाच. ते लिहिलं की काम कुणाच्याच अंगावर राहत नाही.

३. सगळं मोठ्याने वाचा, मगच सह्या घ्या.

हे वाचणं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे समितीत किमान ७५ टक्के पालक आणि ५० टक्के महिला असतात. वही हातात घ्यायला संकोचणारी आईसुद्धा ऐकताना चटकन म्हणते, “गुरुजी, तोटी नाही, दोन तोट्या ठरल्या होत्या.”

कितीही घाई असली तरी कोऱ्या पानावर सह्या घेऊन ठेवू नका.