अंगणातली अर्धवट होडी कशी हलवली

बडोद्याला दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या अंगणात काकांची चौदा फुटी होडी वर्षानुवर्षं पालथी पडून होती. आजव्याच्या तलावावर न्यायचा बेत होता म्हणे. काकूंनी कधीच हात टेकले होते. बोळातून ती अख्खी निघणं शक्यच नव्हतं, म्हणून तुकडे केले.

पालथीच राहू दिली, म्हणजे सांगाडा जागेवर धरून राहतो. आधी पितळी स्क्रू काढले, मग दोन फासळ्यांच्या मधोमध आडवे काप. फायबर, म्हणजे रेझिनमध्ये भिजवलेलं काचतंतूंचं कापड, चढवलेल्या प्लायवर साधी करवत लगेच बोथट होते. ग्राइंडरला डायमंड चकती लावली. काचेची धूळ फार वाईट: एन-९५ मास्क, चष्मा, पूर्ण बाह्या हव्यातच. अंग खाजलं तर गार पाण्याने धुवायचं, चोळायचं नाही.

पोरं होळीसाठी लाकूड मागत होती. साफ नकार दिला, रेझिनचा धूर विषारी असतो. पितळ भंगारवाल्याने आनंदाने नेलं, फायबरकडे बघून म्हणाला, "आ कोई नथी लेतुं, भाई." पैसे मोजून टेम्पोने कचरा डेपोत पाठवलं.

खरी काळजी होडीच्या कामातून उरलेल्या बाटल्यांची. पॉलिएस्टर रेझिन घट्ट करणारा हार्डनर आणि ते काम लवकर व्हावं म्हणून घालायचं जांभळं कोबाल्ट एकमेकांत थेट मिसळले तर भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो. दोन्ही वेगवेगळ्या बादल्यांत उभ्या ठेवून मकरपुऱ्यातल्या एका फायबरवाल्याला दिल्या. त्याने फासळ्यांचं सागवानही मागितलं. ते मात्र दिलं नाही, त्याची फळी काकूंच्या स्वयंपाकघरात लागली.