उत्क्रांतीची उजळणी कशी घ्यावी: सुरुवात गुलाबी बोंडअळीपासून

दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागातला पहिलाच धडा आनुवंशिकता आणि उत्क्रांतीचा आहे. वर्षाच्या सुरुवातीला शिकवलेला हा धडा परीक्षेपर्यंत बहुतेक मुलांकडे नुसत्या व्याख्यांच्या रूपात उरतो. डार्विन, जिराफ, अवशेषांगे (शरीरात उरलेले, फारसे उपयोगी नसलेले अवयव) एवढं आठवतं. पण ‘बदलतं कोण, एकटा प्राणी की त्याची सगळी जमात?’ असं विचारलं की वर्ग गप्प होतो. उजळणी याच प्रश्नाभोवती बांधा. दोन तासिका पुरतील.

१. आधी गैरसमज फळ्यावर आणा

पुस्तकं मिटायला सांगा आणि तीन विधानं लिहा. ‘मान ताणून ताणून जिराफाची मान लांब झाली.’ ‘गरज पडली की प्राणी स्वतःत बदल घडवतो.’ ‘माणूस आजच्या माकडांपासून झाला.’ प्रत्येक मुलाने बरोबर की चूक ते कारणासह वहीत लिहावं. वापराने अवयव बदलतात आणि तो बदल पुढच्या पिढीत उतरतो, ही लॅमार्कची कल्पना चुकीची म्हणून पाठ असल्यामुळे पहिलं विधान चूक ठरवलं जातं, आणि त्याच विचाराचं दुसरं विधान मात्र बरोबर वाटतं. उत्तरं लगेच सांगू नका.

२. एकच उदाहरण घ्या, पण पूर्ण घ्या

मँचेस्टरचे काळे-पांढरे पतंग आणि गॅलापागोस बेटांवरचे फिंच पक्षी ही उदाहरणं उत्तम आहेत. पण महाराष्ट्रातल्या वर्गात मी गुलाबी बोंडअळी घेईन, कारण हा बदल आपल्या शेतात, आपल्या डोळ्यांदेखत झाला.

भारतात बीटी कापसाला 2002 मध्ये परवानगी मिळाली. एका जीवाणूचं जनुक कपाशीत घातलं होतं, त्यामुळे झाडातच अळीला मारणारं प्रथिन तयार होई. 2006 मध्ये दोन जनुकांचं वाण आलं. तरीही 2017 च्या हंगामात विदर्भात याच कपाशीची बोंडं गुलाबी बोंडअळीने पोखरली.

आता वर्गाला विचारा: अळीने विष पचवायला ‘शिकून’ घेतलं का? नाही. लाखो अळ्यांमध्ये आनुवंशिक फरक आधीपासूनच असतात. विषाला दाद न देणाऱ्या थोड्या अळ्या वाचल्या, त्यांचे पतंग झाले, त्यांचीच संतती वाढली. एकही अळी बदलली नाही, अळ्यांच्या समुदायातलं प्रमाण बदललं. हे वाक्य मुलांकडून त्यांच्या शब्दांत वदवून घ्या.

इथे आनुवंशिकताही जोडता येते. बियाण्याच्या पिशवीसोबत 120 ग्रॅम बिगर-बीटी बियाणं मिळायचं. ते कडेने लावलं की तिथे साध्या अळ्या जगतात आणि त्यांचे पतंग प्रतिकारक पतंगांशी संकर करतात. प्रतिकाराचं जनुक बहुतांशी अप्रभावी (जोडीतली दोन्ही जनुकं तशीच असली तरच परिणाम दाखवणारं) असल्यामुळे अशी संकरित पिल्लं बीटी झाडावर मरतात. पण अनेक शेतांत हे बियाणं लावलंच गेलं नाही. त्यात फरदड घेतल्याने, म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी शेतात राखल्याने, उभ्या पऱ्हाटीवर अळीच्या पिढ्या वाढत राहिल्या. मेंडेलचे तक्ते मुलांनी काढलेलेच असतात. हा संकर त्यांना तक्त्यात मांडू द्या.

३. मूग-उडदाचा खेळ

प्रत्येक गटाला काळं कापड, 20 मूग आणि 20 उडीद द्या. दाणे विखुरल्यावर एक मूल पक्षी होईल: दर वेळी पाठ फिरवून वळायचं आणि प्रथम दिसेल तो एकच दाणा उचलायचा. असे 20 दाणे गेले की उरलेल्या प्रत्येक दाण्यामागे त्याच रंगाचा एक दाणा टाका. पुन्हा 40 होतील. तीन फेऱ्या करा आणि दर पिढीचे आकडे आलेखावर मांडा.

शेवटी विचारा, ‘एका तरी मुगाने रंग बदलला का?’ पहिल्या पायरीवरचं दुसरं विधान इथे मुलं स्वतःच खोडतात. वेळ असेल तर मध्येच चवळीचा एक दाणा टाका. हे उत्परिवर्तन, म्हणजे जनुकात अचानक झालेला बदल. बारावीच्या वर्गात एक फेरी डोळे मिटून करून घ्या. निवड नसतानाही निव्वळ योगायोगाने प्रमाण कसं हलतं, ते दिसेल.

४. पुरावे भरभर, एक सोडून

माणसाचा हात, बैलाचा पुढचा पाय, वटवाघळाचा पंख यांतली हाडांची सारखी मांडणी आकृतीवर रंगवून घ्या. आंत्रपुच्छ, माकडहाड या अवशेषांगांची उजळणी तोंडी पुरते. थांबायचं ते कार्बनी वयमापनापाशी. कार्बन-14 चा अर्धायुकाल (तो निम्मा उरायला लागणारा काळ) सुमारे 5730 वर्षं आहे, म्हणून ही पद्धत साधारण 50 हजार वर्षांपर्यंतच चालते. डायनोसॉरचे जीवाश्म साडेसहा कोटी वर्षांहून जुने आहेत. त्यांचं वय आजूबाजूच्या ज्वालामुखीय थरांतल्या इतर किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून काढतात. डायनोसॉरचं वय कार्बनवरून काढण्याचा घोटाळा मुलांच्या उत्तरांत हमखास येतो.

५. शिडी पुसा, झाड काढा

माकडापासून माणसापर्यंतची ती रांग फळ्यावर काढूच नका. त्याऐवजी फांद्या काढा: माणूस आणि चिंपांझी या दोन फांद्या सुमारे 60 ते 70 लाख वर्षांपूर्वी एकाच पूर्वजापासून फुटल्या. चिंपांझी आपला आजोबा नव्हे, चुलत भाऊ. तिसरं विधान इथे निकालात काढा.

६. नवा प्रश्न द्या

‘डीडीटी हे कीटकनाशक फवारल्यावर आधी डास मरत, काही वर्षांनी मरेनासे झाले. का?’ पाच ओळींत उत्तर मागा. त्यात चार गोष्टी शोधा: आधीपासूनचा फरक, तो आनुवंशिक असणं, काहींचंच वाचणं, आणि पुढच्या पिढीत त्यांचं वाढलेलं प्रमाण. ‘डासांना सवय झाली’ असं लिहिणाऱ्यांना गुण कापून सोडून देऊ नका. त्यांना पुन्हा मूग-उडदाच्या आलेखापाशी बसवा आणि प्रत्येक फेरीत ‘सवय’ नेमकी कोणाला झाली, ते दाखवायला सांगा.