गुडघा दुखतोय आणि शर्यतही पळायचीय? मग या चुका टाळा

पुण्यातल्या तळजाईच्या टेकडीवर मी अकरा वर्षं पळते आहे. त्यातली शेवटची सात वर्षं उजव्या गुडघ्याची झीज सोबतीला आहे. दर वर्षी गणपती उठले की टेकडीवर नवे चेहरे दिसायला लागतात. डिसेंबरात पुण्याची मॅरेथॉन, जानेवारीत मुंबईची, आणि मधे हातात जेमतेम तीन-चार महिने. दिवाळीपर्यंत यातले बरेच जण गायब होतात. नंतर भाजीच्या दुकानात भेटले की एकच वाक्य ऐकू येतं: "गुडघ्याने दगा दिला हो." तो बिचारा दोन महिने सांगत होता. ऐकलं कोणीच नाही.

आधी बिब (छातीवर लावायचा शर्यतीचा नंबर), मग गुडघा

माझा सगळ्यात जास्त जीव जळतो तो या चुकीवर. आमच्या ग्रुपमधला हिंजवडीत नोकरी करणारा एक मुलगा, वय अडतीस. एका जुलैत टेकडीच्या गेटपाशी म्हणाला, "काकू, मुंबईची फुल भरली! अख्खी बेचाळीस किलोमीटर!"

"अरे वा. आजवर सलग किती पळलायस?"

"दहा के. हाफ, म्हणजे एकवीस, होईल दोन महिन्यांत. जिना उतरताना वाटीखाली थोडं दुखतं, पण वॉर्मअप झालं की जातं."

"वॉर्मअप झालं की जातं" हे ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. दुखणं सुरुवातीला येतं, अंग तापलं की दबतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत येतं, याचा अर्थ आदल्या दिवसाचा भार सांध्याला झेपलेला नाही. त्याने मला लॅपटॉपवर तक्ता दाखवला. शर्यतीच्या तारखेपासून उलटं मोजत दर रविवारचे किलोमीटर भरले होते. रंगही दिले होते. गुडघ्यासाठी मात्र त्यात एकही रकाना नव्हता. ऑक्टोबरच्या एका रविवारी खडकवासल्याकडून येताना अठराव्या किलोमीटरला तो रस्त्याच्या कडेला बसला आणि रिक्षाने घरी आला. त्यानंतर दहा आठवडे पळणं बंद. मुंबईचं बिब कपाटातच राहिलं.

दम काही आठवड्यांत वाढतो. हाडांना आणि स्नायुबंधांना त्याच भाराची सवय व्हायला महिने लागतात. म्हणून तर फसगत होते. छाती म्हणते अजून पाच किलोमीटर जाऊ, आणि गुडघा अजून दोन महिने मागे असतो.

माझी पद्धत शास्त्रीय असल्याचा दावा नाही, माझ्या सवयीची आहे. आमची सहकारनगरातली सोसायटी जुनी, तीन मजली, लिफ्ट नाही. लाँग रनच्या, म्हणजे रविवारच्या लांब पळण्याच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला निघते तेव्हा कठड्याला हात न लावता चोपन्न पायऱ्या उतरते. शहाबादीच्या पायऱ्या मधोमध झिजलेल्या आहेत, त्यामुळे पाऊल नीट बघूनच टाकावं लागतं आणि घाई होत नाही. खाली पोचले की दुखण्याला शून्य ते दहा असे मार्क द्यायचे आणि वर आल्यावर वहीत लिहायचे. मागच्या फेब्रुवारीतली एक नोंद अशी आहे: "१४ किमी. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ३. चहा झाल्यावर १."

तीनपर्यंत असेल तर पुढच्या रविवारी तेवढंच, फार तर एक किलोमीटर जास्त. चार-पाच आले तर अंतर एक तृतीयांशाने कमी. त्याहून वर गेलं तर त्या आठवड्यात पळायचं नाही, सायकल चालवायची. आठ आठवड्यांची वही भरली की मग शर्यत निवडायची. वही दहा किलोमीटरच्या पुढे जात नसेल तर टेन के पळायची, तीसुद्धा मनापासून.

लक्ष्यही या वहीतूनच निघायला हवं. "हाफ दोन तासांत" हे लक्ष्य मला दर वर्षी ऐकू येतं. २१.०९७५ किलोमीटर दोन तासांत म्हणजे प्रत्येक किलोमीटर ५ मिनिटं ४१ सेकंदांत. दुखऱ्या गुडघ्याने पहिल्याच हाफला हे कशासाठी? माझं पहिलं लक्ष्य असतं सोमवारी जिना तीनच्या आत उतरण्याचं. दुसरं, शेवटच्या तीन किलोमीटरात चाल बिघडू न देण्याचं. टायमिंगचा आकडा मी शर्यतीच्या आठवड्यातच ठरवते, तोवर कोणी विचारलं तरी सांगत नाही.

मधे चालायची लाज

१९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर धावलेल्या जेफ गॅलोवेंनी पळणं-चालणं मिसळण्याची पद्धत जगभर नेली. मी चार मिनिटं पळते, एक मिनिट चालते, आणि हे पहिल्या किलोमीटरपासून करते. दमल्यावर चालायला लागणं वेगळं, त्याने गुडघ्याला काही मिळत नाही.

गोळी घेऊन पळणं

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

सातारा हिल हाफ यवतेश्वरचा घाट चढून कासच्या दिशेने जाते आणि त्याच रस्त्याने खाली येते. मी ती पळाले त्या आठवड्यात माझ्या वहीत पाच होते. सकाळी मैत्रिणीच्या पर्समधली वेदनाशामक गोळी घेतली. चढ मजेत गेला, ढग अंगावर येत होते, कधी नव्हे इतकं हलकं वाटत होतं. मग उतार लागला. उतारावर प्रत्येक पावलाला मांडीचे स्नायू ब्रेक लावतात आणि वाटी मांडीच्या हाडावर जोरात दाबली जाते. एरवी तिथे कळ आली असती आणि मी आपोआप पावलं छोटी केली असती. गोळीने ती कळच काढून घेतली होती. दहा किलोमीटर मी लांब लांब ढांगा टाकत उतरले. मेडल मिळालं, फोटो झाले. परतीच्या गाडीत खंबाटकीचा बोगदा येईपर्यंत गुडघा एवढा सुजला की सलवार वर सरकेना. पुढचे नऊ आठवडे मी टेकडी नुसती गॅलरीतून पाहिली.

गुडघ्यापलीकडेही एक धोका आहे आणि तो फार थोड्यांना ठाऊक असतो. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक या जातीच्या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं कमी करतात. दुखणं त्यामुळेच थांबतं. पण घाम जाऊन शरीरातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवायला नेमकी तीच द्रव्यं लागतात. तासन् तास घामाघूम होऊन पळताना पोटात ही गोळी असणं म्हणजे किडनीशी खेळ आहे. गोळी घेतल्याशिवाय स्टार्ट लाइनला उभं राहता येत नसेल तर त्या दिवशी शर्यत नाही. यावर मी कुणाशी वाद घालत नाही.

पूर्ण बंद करणं

कुर्चेत, म्हणजे सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत गादीत, रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातल्या वंगणातून तिला पोषण मिळतं, आणि त्यासाठी तिच्यावर दाब पडून सुटावा लागतो, म्हणजेच हालचाल लागते. तरी घाबरून सहा महिने सोफ्यावर बसणारे दर वर्षी भेटतात. मांडीचे स्नायू तेवढ्यात वितळतात आणि गुडघा आणखी एकटा पडतो. मी आठवड्यातून दोनदा घरीच खुर्चीवरून सावकाश उठ-बस करते, पंधराचे तीन सेट. पोटरीसाठी पायरीच्या कडेवर टाचा वर-खाली. कंटाळवाणं आहे, पण मला सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला.

१८० चा हट्ट

घड्याळात मिनिटाला १८० पावलं दिसलीच पाहिजेत असं मुलं धरून बसतात. हा आकडा १९८४ च्या ऑलिंपिकमधल्या अव्वल धावपटूंची पावलं मोजून निघाला. तुमची १५८ असतील तर १६६ करून बघा. पाच टक्क्यांनीसुद्धा ढांग छोटी होते आणि गुडघ्यावरचा भार उतरतो.

बाकीच्या, थोडक्यात

सिंहगड पळत चढा हवं तर, पळत उतरू नका.

रस्ता कडेला उतरता असतो. रोज एकाच बाजूने पळाल तर गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला धरतं.

नी-कॅप बांधून अंतर वाढवू नका.

पावसाळ्यात टेकडीवरच्या लाल चिखलात नवे बूट तपासायला जाऊ नका, घोटा जातो.

सायकलची सीट खाली ठेवणं ही चूक निम्म्या पुण्याची असावी. पेडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ झाला पाहिजे.

वजन उतरवायचं असेल तर उतरवा, गुडघ्याला फरक नक्की पडतो. पण उपासाच्या दिवशी लाँग रन लावू नका.

डॉक्टरांना टाळणं

सांधा सुजला, हाताला गरम लागला, मधेच अडकला किंवा पायातून निसटल्यासारखा वाटला, तर जिना-वही बाजूला ठेवा आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जा. रात्री झोपेतून उठवणारं दुखणंही त्यातलंच. सकाळी तासाभराहून जास्त वेळ सांधे आखडत असतील तर तो आमवात असू शकतो. पायाचा अंगठा एका रात्रीत लालबुंद झाला तर युरिक ॲसिड बघावं लागतं. यातलं काहीच स्ट्रेचिंगने जाणारं नाही. नुसता एक्स-रे बघून घाबरूनही जाऊ नका. फोटोत झीज भरपूर आणि त्रास थोडा असे कितीतरी जण असतात, आणि याच्या उलटही.

जाताना वही न्या. "गुडघा दुखतो" एवढंच सांगणाऱ्याला डॉक्टर तरी काय विचारणार? कितव्या किलोमीटरनंतर दुखतं, चढताना की उतरताना, दुसऱ्या दिवशी किती वाजेपर्यंत टिकतं, हे तारखेनिशी पुढे ठेवा. माझ्या डॉक्टरांनी चार पानं उलटली आणि पहिला प्रश्न उताराबद्दल विचारला.