मास्किंग न करता दिलेलं मशीन : नवीन ऑडिओलॉजिस्टांसाठी

दर पावसाळ्याच्या तोंडाला ऑडिओलॉजीची, म्हणजे ऐकणं तपासण्याच्या कामाची, इंटर्नशिप संपवलेल्या पोरापोरींचे फोन सुरू होतात. ताई, गाळा केवढा लागतो, तपासणीचा आवाजबंद बूथ कितीला पडतो, कुठल्या कंपनीची कानाची मशीनं ठेवू? बार्शीत दवाखाना टाकून मला पाच वर्षं झाली, त्यामुळे ही उत्तरं तोंडपाठ आहेत. आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषदेचा) नोंदणी नंबर हातात आल्याशिवाय पाटी लावू नका. ऑडिओमीटरचं, म्हणजे ऐकणं मोजायच्या यंत्राचं, कॅलिब्रेशन दरवर्षी करून घ्या. गाळा घेण्याआधी शेजारी काय चालतं ते दिवसा जाऊन बघा. माझ्या पहिल्या गाळ्याच्या भिंतीपलीकडे पिठाची गिरणी होती. ती सुरू झाली की 250 आणि 500 हर्ट्झला, म्हणजे खालच्या सुरांना, अख्ख्या तालुक्याचं ऐकणं बिघडलेलं दिसायचं.

पण मी जिथे आपटले त्याबद्दल कुणीच विचारत नाही, म्हणून तेच सविस्तर लिहिते.

दवाखाना सुरू केल्याच्या दुसऱ्या महिन्यात मी मोफत तपासणी शिबिर ठेवलं. दुपारपर्यंत पस्तीसेक माणसं, बूथमध्ये पंखा बंद, घामाने हेडफोन निसटतोय. त्यात आडतीवर काम करणारे एक काका आले, वय पन्नाशीचं. उजवा कान ठणठणीत, 15 डेसिबल (आकडा जितका मोठा, तितकं ऐकणं कमी). डाव्या कानाची हवेची फुली (हेडफोनमधून तपासल्याची खूण) 60 वर, हाडाची खूण (कानामागच्या हाडावर व्हायब्रेटर ठेवून तपासल्याची) मात्र 15 वर. कॉलेजात काढून दाखवतात तसा कंडक्टिव्ह लॉस, म्हणजे आतला कान चांगला, पण आवाज तिथपर्यंत पोचत नाही. पडदा स्वच्छ, टिंपॅनोमेट्री (पडद्याची दाबाची चाचणी) ए टाइप, म्हणजे नॉर्मल. मग ओटोस्क्लेरोसिस (मधल्या कानातलं हाड घट्ट होणं) असणार, अशी मीच माझी समजूत घातली. ‘ऑपरेशनसाठी ईएनटीकडे जा’ म्हटलं, तर ते म्हणाले, ‘चिरफाड नको, मशीनच द्या.’ मी दिलं.

आठवड्याने आले. ‘आवाज येतोय की मॅडम, पण बोललेलं काय कळंना.’ मी गेन, म्हणजे मशीनचा आवाज, वाढवला. पुन्हा आले, पुन्हा वाढवला. तिसऱ्यांदा आले तेव्हा खुर्चीत बसता बसता म्हणाले, ‘डाव्यात घातलंय, पण वाजतंय उजव्यात.’

माझ्या पोटात गोळाच आला. त्यांना बूथमध्ये बसवलं आणि पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. मास्किंग, म्हणजे चांगला कान दुसऱ्या आवाजात गुंतवून ठेवणं. उजव्या कानात नॅरोबँड नॉइज सोडला. म्हटलं, ‘या कानात सूं सूं आवाज येत राहील, तिकडे लक्ष देऊ नका, दुसऱ्या कानात शिट्टी आली तरच बटण दाबा.’ नॉइज 10 ने वाढवला की डाव्या कानाचा थ्रेशोल्डही (ऐकू येणारा सर्वांत हळू आवाज) 10 ने वर. आणखी 10, तोही आणखी 10. पठार, म्हणजे नॉइज वाढवूनही थ्रेशोल्ड हलत नाही ती जागा, येईचना. शेवटी मशीनची मर्यादा संपली तरी बटण दाबलं गेलं नाही. डावा कान पूर्ण गेलेला होता. लहानपणी गालगुंड झालं तेव्हापासून. ते त्यांनी सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, शॅडो कर्व्ह (चांगल्या कानाने ऐकलेलं खराब कानाच्या नावावर चढणं) आम्हाला दुसऱ्या सेमिस्टरलाच शिकवलाय. मलाही शिकवला होता, परीक्षेत त्यावर चांगले मार्कही होते. तरी पुन्हा सांगते. साध्या हेडफोनमधून दिलेला आवाज 40 डेसिबलच्या पुढे गेला की कवटीतून पलीकडच्या कानाला पोचू शकतो. इन्सर्ट इअरफोन असतील तर थोडी सवलत, 55 च्या आसपास. हाडाच्या व्हायब्रेटरला सवलत शून्य धरा. तो डाव्या कानामागे ठेवला तरी जो कॉक्लिया (आतला कान) चांगला तो ऐकतो. म्हणजे मेलेल्या कानाची हवेची फुली उसनी, हाडाची खूण त्याहून उसनी, आणि दोन्ही मिळून सुंदर एअर-बोन गॅप, म्हणजे हवा आणि हाड यांतला फरक. म्हणून हवेसाठी तुलना समोरच्या कानाच्या हाडाशी करायची, हवेशी नव्हे. फरक 40 किंवा जास्त असेल तर मास्किंग. हाडासाठी, त्याच कानात गॅप 10 च्या वर दिसली की मास्किंग. ऑडिओग्रॅमवर डाव्या कानाच्या निळ्या फुलीचा (मास्किंगशिवायची खूण) निळा चौकोन (मास्किंगनंतरची) होईपर्यंत त्या कानासाठी मशीनचा कॅटलॉग उघडायचा नाही.

इशारे होते, मीच पाहिले नाहीत. ड्रॉवरमध्ये 512 हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क (वाजवायचा चिमटा) पडून होता. कपाळावर ठेवला असता तर आवाज उजवीकडे गेला असता. कंडक्टिव्हमध्ये तो खराब कानाकडे जातो. अर्ध्या मिनिटाचं काम. आणि सगळ्यात फुकटचा प्रश्न: फोन कुठल्या कानाला लावता? पन्नाशीच्या माणसाने कधीच डाव्या कानाला फोन लावलेला नसेल, तर त्याला काहीतरी कारण असतं.

काकांचे पैसे मी तीन हप्त्यांत परत केले. कंपनीने वापरलेलं मशीन परत घेतलं नाही. ते अजून माझ्या कपाटात आहे.

हे वाचून घाबरू नका. मास्किंगला हात बसायला चार-सहा महिने लागतात, पेशंट गोंधळतो, दोन्ही आवाजांना बटण दाबतो, तुम्हीही गोंधळता. चालतं. उद्या पुन्हा बोलवा. ‘आज खात्री होत नाहीये’ म्हटल्याने माझा एकही पेशंट तुटला नाही. एका गोष्टीत मात्र उद्यावर ढकलायचं नाही. कुणी ‘परवा सकाळी उठलो तर एक कान बंद’ म्हणालं आणि आत मळ नसेल, तर त्याच दिवशी ईएनटीकडे पाठवा. स्टिरॉइडचा उपयोग सुरुवातीच्या दिवसांत असतो. तिथे मशीन विकायला बसलात, तर मला ताई म्हणू नका.

कंपनीचे ट्रेनर येतात, चांगले असतात, जेवणही चांगलं असतं. ते सॉफ्टवेअर शिकवतात, कान शिकवत नाहीत. ‘फर्स्ट फिट’ (सॉफ्टवेअरचं आयतं सेटिंग) दाबलं की झालं, असं सांगणाऱ्याला गुरू करू नका. मला खरं शिकवलं ते इंटर्नशिपमधल्या एका सिनिअर मॅडमनी. त्यांनी माझ्याच एका कानात बोळा घालून मला बूथमध्ये बसवलं आणि मास्किंग करून-न करून माझाच ऑडिओग्रॅम दाखवला. तेव्हा हसले होते. रिअल इअर मेझरमेंटचं (मशीन घातलेल्या कानातला आवाज मोजायचं) यंत्र पहिल्या वर्षी परवडणार नाही, ठीक आहे, माझ्याकडेही तिसऱ्या वर्षी आलं. पण स्वस्त म्हणून स्क्रीनिंगचा ऑडिओमीटर घेऊ नका. त्यातल्या बऱ्याच मशीनला हाडाची सोय नसते, मास्किंग तर नसतंच.

बाकी फिटिंग करून करूनच हातात येतं. आजोबांना सेल बदलता येतो का ते तुमच्यासमोर तीनदा करून घ्या, नव्या सेलचं स्टिकर काढल्यावर मिनिटभर थांबायला सांगा. पावसाळ्यात सिलिका जेलची डबी मशीनसोबतच द्या. मशीन शिट्टी मारत असेल तर गेन कमी करण्याआधी मोल्ड (कानात बसणारा साचा) बघा. ‘कुकर फार जोरात वाजतो’ ही पहिल्या पंधरवड्याची तक्रार आहे, त्यावर लगेच सेटिंग उतरवायचं नसतं.

आणि तपासणीची फी घ्या. फुकट तपासलं की खर्च मशीनमधूनच काढावा लागतो, मग हात आपोआप कॅटलॉगकडे जातो. डॉक्टरांना कट देऊन पेशंट आणलात तरी तेच. त्या शिबिरानंतर मी काउंटरवर फीचा कागद चिकटवला. पहिल्या आठवड्यात दोघे तो वाचून दारातूनच परत गेले. परवा एक आजी म्हणाल्या, ‘नुसतं शिट्ट्या वाजवायचे एवढे पैसे?’ मी म्हटलं, ‘हो आजी, आणि अजून एक बाकी आहे, फोन कुठल्या कानाला लावता?’ त्यांनी हात वर केला. उजव्या कानाला.