मशवरा (सल्लामसलत) आधी, सही नंतर

रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावात, मुस्लिम जमातीनं चालवलेल्या शाळेत मी ११ वर्षं मुख्याध्यापिका होते. सकाळी मक्तब, म्हणजे मुलांचे कुराणाचे वर्ग, मग त्याच वर्गांत शाळा. अशी खुर्ची नव्यानं मिळालेल्यांसाठी हे लिहितेय.

पहिला महिना कशालाही हात लावू नका, माणसं ओळखा. कागदावर प्रमुख तुम्ही, पण शब्द चालतो चेअरमनचा, मक्तबात शिकवणाऱ्या हाफिजसाबांचा (हाफिज म्हणजे कुराण तोंडपाठ असलेला) आणि कुवेतहून पैसे पाठवणाऱ्या एखाद्या चाचांचा. चाचांना न मागता हिशोब पाठवत जा, म्हणजे रात्री अकराचे फोन थांबतात.

कुराणातल्या ४२ व्या सूरेचं नावच शूरा, म्हणजे सल्लामसलत. आमच्या बैठकीत त्यातली आयत (वचन) वाचली जायची आणि लगेच चेअरमन ठरलेला निर्णय सांगायचे! मी रीत बदलली: सगळ्यात नवी शिक्षिका आधी बोलेल, मी शेवटी. मोठं माणूस आधी बोललं की बाकीचे नुसत्या माना डोलावतात.

हे शहाणपण मला चूक करून आलं. २०१४ चा रमजान जुलैत, भर पावसात. वेळापत्रक मी एकटीनं केलं आणि गणित शेवटच्या तासाला टाकलं. तिसऱ्या दिवशी सातवीतली एक पोर भागाकार अर्धा टाकून वहीवरच झोपली होती. ओल्या ओढणीनं आकडे फुटले होते. हाफिजसाब दारातून म्हणाले, "बाई, ही पोरं सहेरीपासून, म्हणजे रोज्याआधीच्या पहाटेच्या जेवणापासून, जागी आहेत. मला विचारलं असतंत तर?" दुसऱ्या दिवसापासून गणित पहिल्या तासाला.

मागचं वेळापत्रक काढूनही भागत नाही. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०२५ मध्ये तो २ मार्चला लागला, तेव्हा दहावीची बोर्डाची परीक्षा चालू होती. तेव्हा दिवाळीनंतरच सगळ्यांना घेऊन बसा आणि ठरलेलं वहीत लिहून सह्या घ्या.

प्रत्येक गोष्टीला मशवरा नको मात्र. मुलावर कुणी हात उचलला तर बैठक कसली बोलावता? त्याच दिवशी थांबवा, मारणारा कितीही बुजुर्ग असो.

आणि पगार. आमच्याकडे शिक्षकांना एक तारखेला मिळायचा, हाफिजसाबांना चंदा (वर्गणी) जमेल तेव्हा. दोन्ही एकाच तारखेला करायला मला तीन वर्षं भांडावं लागलं. त्यानंतरच्या बैठकीला हाफिजसाब पहिल्यांदा दाराशी उभे न राहता खुर्ची ओढून बसले, आणि स्वच्छतागृहाच्या नळावरून माझ्याशी तावातावानं वाद घातला.