ट्रॅक्टरच्या टेपवर आजीच्या ओव्या वाजवायच्या असतील तर

आमच्या चुलत्यांच्या ट्रॅक्टरला साधा टेप बसवलाय, पेनड्राइव्ह लावायचा, निळे आकडे पळतात तसला. हंगामात ऊस घेऊन कारखान्यावर गेलं की नंबर लागेपर्यंत यार्डात तासन्‌तास बसायचं, तेव्हा तोच सोबतीला. तर आत्तीनं आजीच्या जात्यावरच्या ओव्या आयफोनवर रेकॉर्ड करून पाठवल्या, काकांनी हौसेनं पेनड्राइव्हवर घेतल्या आणि टेप म्हणतोय फाईलच नाही! मग चुलतभावानं डोकं चालवलं आणि सगळ्या फाइलींच्या नावाचं शेपूट (टिंबापुढची अक्षरं) बदलून .एमपीथ्री केलं, तरी ढिम्म. अहो पोत्यावर साखर लिहिलं म्हणून आतल्या गुळाची साखर होत नाही, आतला माल बदलावा लागतो, त्यालाच कन्व्हर्ट करणं म्हणतात.

होतं काय, आयफोनचं रेकॉर्डिंग .एमफोरए असतं, आत एएसी, म्हणजे आवाज दाबून भरायची एक पद्धत. व्हॉट्सअ‍ॅपची व्हॉइस नोट .ओपस, जुन्या कीपॅड मोबाईलवरचं .एएमआर. मोबाईलला हे सगळं कळतं पण स्वस्तातल्या टेपला, देवळातल्या स्पीकरला बहुतेक एमपीथ्रीच कळतं. जर्मनीतल्या फ्राउनहोफर या संशोधन संस्थेवाल्यांनी १९९५ साली त्याला .एमपीथ्री हे शेपूट ठरवलं आणि पुढं निघालेल्या पेनड्राइव्ह लागणाऱ्या जवळपास प्रत्येक डबड्यात ते चालतंय, म्हणून जुन्या यंत्रासाठी काही करायचं असेल तर डोळे झाकून एमपीथ्री करा, बाकी फॉरमॅटच्या नादी लागू नका.

कॉम्प्युटरवर व्हीएलसी (गाणी-व्हिडिओ लावायचा प्लेयर) बहुतेकदा असतं, नसेल तर घालून घ्या, फुकट आहे. उघडायचं, वरच्या मीडिया मेनूत कन्व्हर्ट/सेव्ह घ्यायचं (कंट्रोल दाबून आर दाबलं तरी तेच), अ‍ॅड दाबून फाईल निवडायची, खाली परत कन्व्हर्ट/सेव्ह. पुढच्या खिडकीत प्रोफाईलमध्ये ऑडिओ एमपीथ्री निवडा आणि शेजारच्या पान्याच्या चित्रावर क्लिक करून ऑडिओ कोडेकच्या टॅबमध्ये तीन गोष्टी बघा, बिटरेट (सेकंदाला किती माल भरायचा ते) १२८, चॅनल २, सँपल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने) ४४१०० हर्ट्झ. बहुतेक वेळा तेच असतं तरी बघून घ्या, कारण एएमआर फाईल ८००० हर्ट्झची असते आणि तिचा एमपीथ्रीसुद्धा तेवढ्याच रेटचा केला तर काही जुने टेप तो वाजवतच नाहीत. मग डेस्टिनेशनमध्ये ब्राउझ करून कुठं ठेवायचं ते सांगा, नाव देताना शेवटी .एमपीथ्री आहे ना बघा (हे इंग्रजी अक्षरात हं) आणि स्टार्ट. खालची पट्टी पुढं सरकत जाते, 'झालं' असा निरोप वगैरे काही येत नाही, पट्टी टोकाला जाईपर्यंत हात लावू नका नाहीतर ओवी अर्ध्यात तुटते. माझी तुटली होती.

१२८ च्या हिशोबानं मिनिटाला साधारण १ एमबी लागतो, म्हणजे ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर सव्वाशे तासांच्या वर मावतं, सप्ताहातली सगळी कीर्तनं बसतील. आणि ३२० केलं की आवाज चकाचक होईल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, मूळ रेकॉर्डिंगमध्ये जे नाही ते कन्व्हर्ट करून येत नाही, फक्त फाईल फुगते. उलट दरवेळी बदलताना थोडा आवाज झिजतोच, म्हणून एमपीथ्रीचं परत एमफोरए, त्याचं परत एमपीथ्री असलं काही करू नका आणि मूळ फाईल तर अजिबात उडवू नका. आजी काय परत जात्यावर बसणार नाही.

ऑनलाइन कन्व्हर्टरच्या साईट आहेत ढीगभर, पण घरातला आवाज कुठल्या तरी परक्या सर्व्हरवर चढवायचा मला तरी पटत नाही. गाण्याचं असेल तर तुमची मर्जी.

आता खरी गंमत पेनड्राइव्हची. फाईल बरोबर असून वाजत नाही तेव्हा दहातल्या सात वेळा दोष याचाच, हा माझा अंदाज. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये (पेनड्राइव्हवर फाइली मांडायची ही एक पद्धत) फॉरमॅट केलेला पाहिजे, एक्सफॅट किंवा एनटीएफएस या दुसऱ्या पद्धती जुन्या टेपला बहुतेक कळत नाहीत. विंडोजमध्ये पेनड्राइव्हवर राइट क्लिक, फॉरमॅट, तिथं निवडायचं, आतलं सगळं पुसतं हे ध्यानात ठेवा. ३२ जीबीपेक्षा मोठ्याला ती यादी बहुतेकदा एफएटी३२ दाखवत नाही, त्यामुळं छोटाच घ्या. फाइलींची नावं मराठीत ठेवली की टेपवर चौकोन उमटतात, इंग्रजी अक्षरात ठेवा आणि पुढं ०१, ०२ असे नंबर, तेही इंग्रजी आकड्यात. तरीसुद्धा काही टेप नंबर बघत नाहीत, ज्या क्रमानं कॉपी केल्या त्याच क्रमानं वाजवतात. आमचा त्यातलाच, पहाटेची ओवी शेवटी लागायची, म्हणून एकेक करून कॉपी केल्या.

आणि चाळीसच्या चाळीस फाइली बदलत बसायच्या आधी दोनच करा, ट्रॅक्टरात लावून बघा, वाजल्या तर मग बाकीच्या घ्या. काकांना मात्र सांगू नका दोनच आहेत म्हणून, ते तेवढ्याच लावून दिवसभर ऐकत बसतात.